दुसरा तक्ता

माझ्या दुकानात येणारी निम्मी माणसं मला खोटं सांगतात. कुणाच्या मनात काही वाईट नसतं. ट्रक चालवणाऱ्याला परवान्याची चिंता असते, म्हणून तो बाहेर बाकावर बसल्या बसल्याच भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून आत येतो. म्हाताऱ्या बायकांना मला त्रास द्यायचा नसतो. मी भिंग बदलून विचारते, "हे बरं की आधीचं?" आणि त्या म्हणतात, "दोन्ही छान आहेत हो, बाई." मग आठवड्याभराने डोकं धरून परत येतात आणि चष्मा बिघडला म्हणून मलाच ऐकवतात. चष्मा ठणठणीत असतो. बिघडलेलं असतं ते त्यांनी दिलेलं उत्तर.

यावर मी एक इलाज काढला आहे. पहिल्या तक्त्याच्या मागे दुसरा तक्ता टांगलेला असतो. माणूस फारच घडाघडा वाचायला लागला की मी उठते आणि मुकाट्याने पुढचा तक्ता काढून मागचा समोर आणते. त्यानंतरचे चेहरे बघण्यासारखे असतात. मला त्यात मजा वाटते हे मी नाकारत नाही. स्वभावाने मी जरा तिखटच आहे. नवरा मागच्या खोलीत यंत्रावर भिंगं घासतो, दिवसभर पांढऱ्या भुकटीत असतो आणि आठवड्यातून मोजकंच बोलतो, म्हणून आमचा संसार सुरळीत चालला आहे.

आमच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. चालायला लागल्यापासून ती एका जागी थांबलेली कुणी पाहिली नाही. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना ती काउंटरवरच्या फ्रेमी पुसत होती, आणि चक्क दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी होती. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"आई, माझं दृढीकरण ठरलं," ती म्हणाली.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मूल जाणतं झालं की सगळ्यांसमोर उभं राहून आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने सांगतं. त्याला दृढीकरण म्हणतात. पण त्याआधी पाळकसाहेब आईबापांना उभं करून विचारतात, "ज्या विश्वासात तुम्ही हिला वाढवलंत, तो तुमचा आहे का?" आईबाप म्हणतात, "आहे." सगळी मंडळी म्हणते, "आमेन." पोटभर जेवल्यावर हात धुवावेत इतक्या सहजतेने हे होतं.

"तू 'आहे' म्हणणार ना?" भिंगरीने विचारलं.

"सगळेच म्हणतात."

"मी सगळ्यांचं विचारलं नाही, आई. तुझं विचारलं."

 तिला माहीत होतं. माझा धाकटा भाऊ गेला त्याला काही वर्षं झाली होती. तो दवाखान्यात असताना सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, तो बरा होणार असं छातीठोकपणे सांगितलं, आणि तो गेला. तेव्हापासून मी रविवारी उपासनेला जात होते ते नवऱ्याच्या शेजारची जागा रिकामी दिसू नये म्हणून. ओठ हलवत होते. विश्वास म्हणाल तर पार आटला होता.

भिंगरीने फ्रेम खाली ठेवली. "तोंडदेखलं म्हणू नकोस. माझ्या दिवशी तरी नको. तुला म्हणता येत नसेल तर बाबा एकटे उभे राहतील." मग तिचा आवाज जरा हलला. "पण मला तू शेजारी हवी आहेस. खरी."

आता ही गोष्ट कशी जमवायची? खोटं बोलून शेजारी उभं राहायचं नाही, आणि खरं बोलायचं तर शेजारी उभं राहता येत नाही. मी तिला म्हटलं, बघू. आईलोक हा शब्द कधी वापरतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"बुधवारी आजीकडे ये मग," ती म्हणाली. "आणि स्वयंपाकघरात लपायचं नाही."

बुधवारी संध्याकाळी सासूबाईंच्या पुढच्या खोलीत शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास चालायचा. तो माझ्या लग्नाच्या आधीपासून चालत आला होता. मी चहा टाकायची, कप मांडायची आणि भांडी खळखळवत आत राहायची. खोलीत भिंगरी सोडून चार माणसं असायची. सासूबाई, ज्यांच्या आवाजाने खिडकीची तावदानं थरथरत. किल्लीकाका, म्हणजे चौकातले कुलुपं दुरुस्त करणारे, माझ्या सासऱ्यांचे जुने मित्र. दवाखान्यातल्या सिस्टर, ज्या ड्युटीवरून थेट येत आणि बसल्या बसल्या पेंगत. आणि नवे पाळकसाहेब, वयाने माझ्या भावापेक्षाही लहान. एका छापील पुस्तिकेतून प्रश्न विचारले जायचे, उत्तरं पुढच्याच पानावर असायची. शेवटी सासूबाई प्रार्थना करायच्या आणि सगळे आमेन म्हणायचे. आमेन इतकं तयार असायचं की कधी कधी प्रार्थना संपायच्या आधीच सुटायचं.

त्या बुधवारी मी पहिल्यांदा खुर्चीत बसले. किल्लीकाकांनी आंधळ्याची गोष्ट वाचली. प्रभू त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, दिसतंय, पण माणसं आहेत की झाडं चालताहेत तेच कळत नाही. मग प्रभू पुन्हा हात ठेवतो, आणि त्याला लख्ख दिसायला लागतं.

"यातून आपण काय शिकतो?" पाळकसाहेबांनी पुस्तिकेतून विचारलं.

"विश्वास ठेवावा," सिस्टर डोळे न उघडता म्हणाल्या.

"आमेन," सगळे म्हणाले.

आता माझ्याने राहवेना. "थांबा जरा. पहिल्या खेपेला नीट झालं नाही, हे कुणाला खटकत नाही का?"

 सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कप फोडला होता.

"तो आंधळा माझं गिऱ्हाईक असता तर काय म्हणाला असता सांगू?" मी सुटलेच. "'छान दिसतंय हो, उपकार झाले.' भिडेखातर! आणि तसाच धूसर घरी गेला असता. तुम्ही सगळे तेच करताय. पाठ केलेला तक्ता वाचताय."

"दुकानातलं दुकानात ठेव," सासूबाई म्हणाल्या.

पण पाळकसाहेब पुढे सरकून बसले. त्यांनी पुस्तिका मिटली. "ताई, तुमच्या दुकानात तुम्ही दुसरा तक्ता काढता. इथे तो कुठला?"

 तोंडात आलं ते बोलले. "आमेन. खरंच पटलं तरच म्हणायचं. नाही पटलं तर गप्प बसायचं. आणि का गप्प बसलो ते सांगायचं."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पाळकसाहेब म्हणाले, करून बघू. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या नेहमीच्या गोड आवाजात प्रार्थना केली, की हे प्रभू, तू जिथे ठेवशील तिथे आम्ही आनंदाने राहतो. प्रार्थना संपली. कुणीच काही बोललं नाही.  मी एक डोळा उघडला, तर पाळकसाहेबांनीही एक डोळा उघडलेला.

"तुम्ही पण नाही म्हणालात," भिंगरी म्हणाली.

त्यांचे कान लाल झाले. "आनंदाने नाही राहत मी," ते म्हणाले. "मला इथे यायचंच नव्हतं. बदली नको म्हणून मी अर्ज केला होता."

किल्लीकाका आधी हसले. मग सिस्टर, मग आम्ही सगळेच, आणि शेवटी पाळकसाहेबसुद्धा डोळे पुसत हसले. फक्त सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कप गोळा केले, आणि माझ्या हातून त्यांनी कप घेतल्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढचे बुधवार बघण्यासारखे झाले. आमेन महाग झालं. सिस्टर एकदा म्हणाल्या, आजाऱ्यांवर प्रेम करायची शक्ती दे याला मी आमेन म्हणणार नाही, मला आधी झोप हवी आहे, आणि पाळकसाहेबांनी त्यांच्या झोपेसाठी प्रार्थना केली, तेव्हा त्यांचं आमेन भिंतींना ऐकू गेलं. किल्लीकाका हिशेबी माणूस. ते म्हणायचे, "पहिल्या अर्ध्याला आमेन, मागचा अर्धा मला पुन्हा ऐकव." त्या शास्त्रातली माणसं एकदम आमच्या शेजारची झाली. घाबरणारी, रुसणारी, भांडणारी. मंडळीत कुजबुज सुरू झाली की बुधवारी नास्तिकपणा शिकवतात. पाळकसाहेबांनी त्या लोकांना चहाला बोलावलं, पण आलं कुणी नाही.

मला खरं तर गुदगुल्या होत होत्या. मी सगळ्यांना पकडत होते. माझं स्वतःचं एकही आमेन अजून झालं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

मग सासूबाईंचा बुधवार आला. किल्लीकाकांनी प्रार्थना केली. प्रभू, जे जे होतं ते आमच्या भल्यासाठीच होतं, त्याबद्दल तुझे आभार. सिस्टर आमेन म्हणाल्या, पाळकसाहेब थोडे अडखळून म्हणाले. सासूबाईंचं आमेन सगळ्यांत मोठं असायचं. ते आलं नाही.

"आजी?" भिंगरीने विचारलं.

सासूबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. "माझी पहिली मुलगी," त्या म्हणाल्या. "हिच्या बाबांच्या आधीची. नुकतीच हसायला शिकली होती. गेली, तेव्हा सगळे म्हणाले, भल्यासाठीच झालं. माझ्या सासूने सांगितलं, आमेन म्हण. मी म्हटलं." त्यांनी पदर सारखा केला. "भलं नव्हतं ते. काहीही भलं नव्हतं. तेव्हापासून आमेन म्हणतेय. तुला दिसतंय का, असं मला कधी कुणी विचारलंच नाही."

नवऱ्याला एक बहीण होती हे मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मी उठून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींचे हात कधी धरले नव्हते. रुसवेफुगवे भरपूर, हात नाही.

"पण तो माझ्याजवळ होता," त्या हळू म्हणाल्या. "हे मी पाठ केलेलं सांगत नाही. होता. त्याला माझं आमेन आहे. भल्यासाठी झालं, त्याला नाही."

"आमेन," किल्लीकाका म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढून डोळ्यांना लावली.

आता सगळं इथेच संपलं असतं तर मी जिंकले असते. पण भिंगरी माझ्याकडे वळली. "आई, आता तू."

"माझं काय? माझं मी कधीच सांगितलंय. मी हाक मारली, कुणी आलं नाही. संपलं."

"मी हाक मारली, कुणी आलं नाही, संपलं," भिंगरी म्हणाली. अगदी माझ्याच सुरात. "मामा गेल्यापासून तू हे याच शब्दांत सांगतेस. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. पुस्तिकेतलं उत्तर असावं तसं. तुझाही तक्ता पाठ आहे, आई. फक्त तुझा 'नाही'चा आहे."

मला असा संताप आला की काय सांगू! पोटची पोर, मीच शिकवलेली युक्ती, आणि चार माणसांत माझ्यावरच! मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेले कप पुन्हा धुतले. कुणीही माझी समजूत काढायला आलं नाही. त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं आणि गिऱ्हाईकाच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या खुर्चीत मी कधी बसत नाही. समोर तक्ता होता. मला तो अर्थातच तोंडपाठ आहे, डोळे मिटून म्हणून दाखवीन. मग दिसतंय की आठवतंय, हे मलाच कसं कळणार? मी तक्त्याकडे बघत राहिले आणि माझा राग हळूहळू खाली बसला.

नवरा मागून आला, भुवयांवर भुकटी घेऊन. माझ्याकडे बघून उभा राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "रोज सकाळी शटर वर करताना तू कुणाशी भांडतेस?"

"मी?"

"पुटपुटतेस. 'आजही तो नाही. बघितलंस ना? आणि तू गप्प.' रोज. पहिले काही महिने मला वाटायचं, मला बोलतेस. म्हणून मी आणखी गप्प बसायला लागलो."

मी हसायला लागले आणि मग माझ्याने थांबेना, आणि मग ते रडणं झालं. नवऱ्याने त्याचा भुकटीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. रोज, शटरच्या खडखडाटात, मी कुणाला तरी फैलावर घेत होते. भावाची आठवण, भिंगरीचे निकाल, सासूबाईंची गाऱ्हाणी, सगळं सांगत होते, आणि शेवटी विचारत होते, तू होतास कुठे? घरात कुणी नाही हे ठाऊक असताना माणूस त्याच दारावर रोज धडका देत नाही. मी तर देत होते, आणि जोराने देत होते.

मग मी दवाखान्याची ती खोली पुन्हा आठवली, या वेळी पाठ केलेल्या वाक्याशिवाय. भाऊ गेला, हे तसंच राहिलं. ते कुठल्याही भिंगातून वेगळं दिसणार नव्हतं. पण त्या खोलीत किल्लीकाका होते, रोज येऊन भावाची दाढी करणारे. सिस्टर होत्या, ड्युटी संपल्यावरही घरी न गेलेल्या. सासूबाई होत्या, ज्यांनी तिथे एकदाही 'भल्यासाठी' हा शब्द काढला नव्हता. त्याचं कारण मला आत्ता कळलं होतं. कुणी आलं नाही, असं मी सांगत फिरत होते. जे आले होते त्यांना मी मोजलंच नव्हतं. एवढ्याने मला सगळं उत्तर मिळालं असं नाही. पण काळोख मात्र नव्हता.

दृढीकरणाच्या रविवारी आमचं उपासनामंदिर भरलेलं होतं. बुधवारी नास्तिकपणा शिकवतात म्हणणारे सगळे पुढच्या बाकांवर बसले होते. भिंगरी पांढऱ्या कपड्यांत, स्थिर. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं आणि विचारलं, "ज्या विश्वासात तुम्ही हिला वाढवलंत, तो तुमचा आहे का?"

"आहे," नवरा म्हणाला. एवढा मोठा आवाज मी त्याचा पहिल्यांदाच ऐकला.

माझ्या जिभेवरही तो शब्द तयार होता, गुळगुळीत झालेला. मी तो गिळला. भिंगरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरायला लागला होता.

"मला धूसर दिसतं," मी म्हणाले. माझा आवाज त्या उंच छतात फिरून परत आला. "खोटं सांगणार नाही. माझा भाऊ का गेला, हे मला अजून कळलेलं नाही, आणि ते मी प्रभूला विचारत राहणार आहे. पण मी त्यालाच विचारतेय. तो आहे, एवढं मला दिसतंय. इतकी वर्षं मी त्याच्याशीच भांडत होते आणि मला वाटत होतं, मी त्याला सोडलंय. हा एवढाच विश्वास माझ्याकडे आहे. एवढा माझा स्वतःचा आहे."

पुढच्या बाकांवर कुणीतरी घसा खाकरला.  आता मंडळीने आमेन म्हणायचं असतं. कुणालाच कळेना, असल्या उत्तराला म्हणायचं की नाही. भिंगरी माझ्याकडे बघत होती.

"आमेन!"

सासूबाई! तावदानं खरोखरच थरथरली असतील. त्या काठी टेकून उभ्या राहिल्या होत्या आणि पुढच्या बाकांकडे अशा बघत होत्या की जणू विचारताहेत, आहे कुणाची हिंमत?

"आमेन," सिस्टर म्हणाल्या, टक्क जाग्या.

"सगळ्याला आमेन," किल्लीकाका ओरडले. "अर्ध्याला नाही! सगळ्याला!"

पाळकसाहेबांनी त्या जागी म्हणायचं नसतं. त्यांनीही म्हटलं. मग मागून कुणी एक, मग कोपऱ्यातून एक बाई, जिला मी ओळखतही नव्हते आणि जी डोळे पुसत होती, मग एकेक बाक. नेहमीसारखं एका सुरात नाही, पुढेमागे, तुटक, ज्याचं त्याचं. माझ्या भावाच्या वेळी याच लोकांनी एका सुरात आमेन म्हटलं होतं आणि ते मला लागलं होतं. आजचं लागलं नाही. मी ताठ उभी राहिले. मला असं वाटलं की कुणी खिडक्या उघडल्या.

मग भिंगरीची पाळी आली. ती दोन पावलं पुढे गेली आणि पुस्तिकेतलं एकही वाक्य न वापरता बोलली. मला प्रश्न पडतात, ती म्हणाली, आणि ते मी प्रभूपासून लपवत नाही, कारण लपवायला न लावणारा तोच आहे. मी त्याची आहे. मला त्याच्या मागे जायचंय, आणि आज कुणी मला पाठवलेलं नाही, मी माझी आले आहे.

तिचं बोलणं संपलं. पाळकसाहेबांनी श्वास घेतला, सासूबाईंनी तोंड उघडलं. पण त्या दिवशी सासूबाईंच्याही आधी, सगळ्या मंदिरात सगळ्यांत मोठ्याने, एक आमेन गेलं.

भिंगरी गर्रकन वळली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि दुकानात मी म्हणते त्याच सुरात, हसत, विचारलं, "हे बरं की आधीचं?"

"हे," मी म्हणाले.